कौतुक झाले, आता जबाबदारी घ्या

महिना सरला की ‘१०८’ रुग्णवाहिकेची आकडेवारी जाहीर होते. किती रुग्ण नेले, त्यांत अपघाताचे किती, हृदयविकाराचे किती, विषबाधेचे किती, भाजलेले किती, किती बाया गाडीतच सुखरूप बाळंत झाल्या. सोबत एखाद्या डॉक्टरचा आणि चालकाचा सत्कार, पुष्पगुच्छ, छायाचित्र. या माणसांचे कौतुक व्हायलाच हवे, आणि ते कितीही झाले तरी कमीच पडेल. पण ज्या शासनाच्या नावाने ही आकडेवारी निघते, त्याच शासनाने २०२४ साली या सेवेचा नवा करार करताना चालवणाऱ्या कंपन्यांना दहा वर्षांचा काळ नेमून दिला. गाडीत बसणारा डॉक्टर आणि गाडी चालवणारा पायलट मात्र होते तिथेच राहिले. ते कंपनीचे नोकर. शासनाच्या आस्थापनेवर त्यांची कुठेही नोंद नाही. कामगिरी त्यांची, आकडे शासनाचे आणि पगाराची जबाबदारी तिसऱ्याची, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या माणसाला या सेवेचे मोल समजावून सांगावे लागत नाही. साताऱ्याकडून खंबाटकीचा बोगदा ओलांडून खाली येताना लागणारे ते इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. १० एप्रिल २०१८च्या पहाटे विजयपूर भागातून शिरवळकडे कामाला निघालेल्या मजुरांची गाडी तिथे उलटली आणि १८ जण गेले. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. ती बातमी राज्यभर झाली म्हणून लक्षात राहिली. एक-दोन माणसे जातात ते अपघात तालुक्याच्या पानावर चार ओळींत संपतात. त्या चार ओळींची शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच असते : जखमींना रुग्णवाहिकेतून हलवण्यात आले. हलवले कोणी, किती मिनिटांत, कुठे, आणि पुढे त्यांचे काय झाले, हे त्या ओळीत नसते. महिन्याच्या आकडेवारीतही नसते.

रुग्णवाहिका किती हव्यात याचा सरकारी हिशेब लोकसंख्येवर चालतो. एक लाख लोकांमागे एक साधी गाडी, पाच लाखांमागे व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर असलेली एक प्रगत गाडी. २०११च्या जनगणनेत खंडाळा तालुक्याची लोकसंख्या १ लाख ३७ हजारांच्या आसपास होती. या मापाने आमच्या वाट्याला एक साधी गाडी येते आणि प्रगत गाडीचा जेमतेम पाव हिस्सा. पुणे-बंगळुरू महामार्गावरून रात्रंदिवस वाहणारी वाहने या हिशेबात धरली जात नाहीत. शिरवळ आणि केसुर्डीच्या औद्योगिक वसाहतींत राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार त्यात नाहीत. आषाढी वारीला नीरा ओलांडून माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा तालुक्यात जमणारे लाखो वारकरी त्यात नाहीत. मोजणी इथे राहणाऱ्यांची होते. रस्त्यावर पडतो तो बहुतेक वेळा परगावचा असतो, आणि त्याला उचलायला जाणारी गाडी आमचीच असते. ती त्याच्याकडे गेली की गावातल्या हृदयविकाराच्या रुग्णाच्या नातेवाइकाला ‘गाडी दुसऱ्या कॉलवर आहे’ हे उत्तर ऐकावे लागते. असे उत्तर किती जणांना मिळाले? त्याचा रकाना महिन्याच्या पत्रकात का नाही?

आणि घाट. पुण्याकडून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक आजवर खंबाटकी चढूनच गेली आहे. सलग सुट्ट्या आल्या की घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. खंडाळ्याच्या ग्रामीण रुग्णालयातून गंभीर रुग्ण साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाकडे रेफर झाला, तर त्याची गाडी त्याच रांगेत शिरते. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. वेळ किती लागेल हे घाट ठरवतो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने १० हजार रुपये दंड ठेवला आहे. पण पुढेही ट्रक, मागेही ट्रक आणि बाजूला कडा असेल तर वाट द्यायची कुठून? त्या रांगेत अडकलेल्या गाडीत मागे डॉक्टर एका हाताने सलाइन धरून दुसऱ्याने नाडी तपासत असतो आणि पुढे पायलट भोंगा वाजवत इंच-इंच सरकत असतो. हेच ते पत्रकातले ‘जीवदान’. त्याची किंमत पुष्पगुच्छाने चुकती होत नाही.

गाडीत झालेल्या बाळंतपणांचेही तसेच. धावत्या गाडीत, अपुऱ्या उजेडात, नातेवाइकांच्या रडण्याओरडण्यात बाळ आणि बाळंतीण दोघे सुखरूप ठेवणे हे मोठे कौशल्य आहे. ते करणाऱ्या डॉक्टरला आमचा नमस्कार. पण हा आकडा वाढला की आरोग्य खात्याने आनंद मानू नये, खात्याने चौकशी करावी. ती बाई गाडीत का बाळंत झाली? घरून निघायला उशीर झाला, की प्राथमिक आरोग्य केंद्राने ‘पुढे न्या’ सांगितले? पुढच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ होता का, स्त्रीरोगतज्ज्ञ होता का, की तिथूनही तिला आणखी पुढे पाठवले? ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात जे व्हायला हवे ते होत नाही म्हणून ते रस्त्यावर होते. रुग्णालयातली उणीव रुग्णवाहिकेचा डॉक्टर भरून काढतो, आणि पत्रकात ती यश म्हणून छापली जाते. आमचा राग या छापण्यावर आहे.

महाराष्ट्राची ‘१०८’ २६ जानेवारी २०१४ला रस्त्यावर आली. ९३७ गाड्या, त्यांत २३३ प्रगत आणि ७०४ साध्या. सगळ्यांचे नियंत्रण पुण्यात औंधच्या केंद्रातून. हैदराबादला २००५ साली या क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हापासून बहुतेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने प्रत्येक गाडीत डॉक्टर बसवला. ही आपल्या राज्याची अभिमानाची गोष्ट आहे, आणि तो अभिमान आम्हालाही आहे. शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोहोचायचे, असे उद्दिष्ट ठरले. त्याच गाड्या दहा वर्षांहून अधिक काळ धावल्या. ज्यांच्या जोरावर त्या धावल्या ते डॉक्टर बहुतांशी बीएएमएस, बीएचएमएस झालेली आपल्याच गावांतली मुले-मुली. चालकही इथलेच. त्यांच्या संघटना आठ तासांचे काम, समान कामाला समान वेतन आणि वेळेवर पगार या मागण्या घेऊन पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या आहेत. त्यांत एकही मागणी अवास्तव नाही. बारा तास जागा असलेला माणूस रात्री दोन वाजता घाटात गाडी चालवतो तेव्हा मागच्या रुग्णाचा जीव त्याच्या झोपेवर अवलंबून असतो. आठ तासांची मागणी रुग्णाच्याही हिताची आहे.

नव्या करारात गाड्यांची संख्या १,७५६वर न्यायची आहे. नवजात बालकांसाठी वेगळ्या गाड्या, दुचाकी रुग्णवाहिका, बोटी, असे सगळे त्यात आहे. निविदेवरून विरोधकांनी गैरव्यवहाराचे आरोप केले, शासनाने ते फेटाळले. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. संपाची नोटीस आली की ही अत्यावश्यक सेवा होते. पगाराचा विषय निघाला की तोच माणूस ठेकेदाराचा कामगार होतो. दोन्ही एकाच वेळी कसे चालेल? सेवा अत्यावश्यक असेल तर ती देणारा माणूसही अत्यावश्यक आहे. त्याला वाऱ्यावर सोडून सेवा टिकत नाही.

कायदाही शासनाला हात झटकू देत नाही. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४)ने स्पष्ट सांगितले. २०२०च्या श्रमसंहितेनेही ती जबाबदारी कायम ठेवली. समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान वेतनाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग खटल्यात २०१६ साली सांगून ठेवले. तो खटला सरकारने थेट नेमलेल्या माणसांचा होता; ठेकेदाराची माणसे त्यातून सुटतात, असे म्हणणारे वकील मंत्रालयाला सहज मिळतील. पण न्यायाचे तत्त्व पळवाटांसाठी नसते. कोविडमध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचे विमाकवच दिले, तेव्हा कंत्राटी माणसांनाही त्यात घेतले. साथ होती तेव्हा कायम आणि कंत्राटी हा भेद पुसता आला. साथ ओसरली आणि तो पुन्हा उभा राहिला.

शासनाचे म्हणणे असे, की कंपन्यांकडे काम दिल्यामुळेच ही सेवा लवकर उभी राहिली. २०१४ साली ते खरे होते. एक दशक उलटल्यावर तेच कारण पुढे करणे म्हणजे आळस आहे. गाड्या कंपनीने चालवाव्यात, देखभाल तिने करावी. माणसांचे वेतन, विमा आणि कामाचे तास यांची हमी शासनाने घ्यावी. दोन्ही एकत्र होऊ शकते.

केंद्राने मे २०२५मध्ये अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्या ‘राहवीर’ नागरिकाचे बक्षीस पाच हजारांवरून २५ हजार झाले. दोन्ही निर्णय चांगले आहेत. आमच्याकडे महामार्गावर मदतीला धावणाऱ्या गावोगावच्या पोरांना कोणी तरी दाद दिली याचा आनंद आहे. पण वाटेवरच्या माणसाला एका जीवामागे २५ हजार देणारी व्यवस्था, रोज तेच काम करणाऱ्या माणसाला वेळेवर पगाराची हमी देत नाही, हे आम्हाला सहन होत नाही. दीड लाखांचे उपचार मिळण्यासाठी आधी जखमीला जिवंत पोहोचावे लागते.

ही सेवा नव्हती तेव्हा काय होत होते, ते या भागाला विसरता येणार नाही. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, २९०हून अधिक माणसे गेली. त्या दिवशी डोंगरावरून जखमी मिळेल त्या वाहनाने खाली आणले. ही सेवा आल्यानंतरही, २०१९च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. कराराच्या कागदावर आता बोट रुग्णवाहिका आहेत. त्यांतली कृष्णाकाठाला किती, तापोळा आणि कांदाटी खोऱ्यासाठी किती, हे सातारा आणि सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात विचारले पाहिजे. पूर आल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

याच तालुक्यातल्या नायगावी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८९७च्या प्लेगात मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत नेले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. रुग्णाला उपचारापर्यंत पोहोचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची ही परंपरा आमच्या मातीतली आहे. दर ३ जानेवारीला मंत्री नायगावला येतात, हार घालतात. त्या वाटेवर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेजवळ त्यांनी दोन मिनिटे थांबावे आणि आतल्या डॉक्टरला विचारावे, की गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला.

खंबाटकीच्या नव्या जुळ्या बोगद्यांमुळे त्या जीवघेण्या वळणाचा धोका कमी होईल, याबद्दल समाधान आहे. पण वाहनांचा वेग वाढेल, आणि वेग वाढला की अपघाताची जखमही मोठी होते. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी एक प्रगत रुग्णवाहिका कायमची उभी हवी, तीन पाळ्यांच्या माणसांसह. ती लोकसंख्येच्या मापात बसत नसेल तर माप बदला. जिल्हा प्रशासनाने पुढच्या महिन्यापासून तालुकानिहाय चार गोष्टी जाहीर कराव्यात : कॉल आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटे, गाडी नसल्यामुळे परत गेलेले कॉल, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या गाड्या, आणि डॉक्टर-चालकांचा पगार झाल्याची तारीख. या चारही गोष्टींची नोंद पुण्याच्या नियंत्रण केंद्रात किंवा कंपनीच्या दप्तरात असतेच. ती मागवायला नवा निधी लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही. पालकमंत्र्यांना एक पत्र लिहावे लागते.