दुसऱ्या गळ्यातले दुःख

एका गायकाने लोकप्रिय केलेले गीत दुसऱ्याने आपल्या गळ्यातून नव्याने मांडणे, म्हणजेच पुनर्गायन, हा या अंकाचा विषय असून तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा परिसरातील वाचकांना तो परका नाही, कारण जात्यावरच्या ओव्याही आईकडून लेकीकडे अशाच येत राहिल्या. आज मोबाइलवर नवे रूप अनेकदा मूळ गाण्याआधीच कानी पडते, म्हणून हा विचार आता व्हावा, असे संपादक मंडळाला वाटते. 'हे बंध रेशमाचे' या नाटकातील शांता शेळके यांचे 'काटा रुते कुणाला' हे व्याकूळ पद पं. जितेंद्र अभिषेकी यांनी स्वरबद्ध करून गायिले आणि पुढे शौनक अभिषेकी, महेश काळे यांच्या मैफलींतही श्रोत्यांनी ते तितक्याच मायेने ऐकले. गळा कोणाचा, याइतकेच दुःख कोणत्या आवाजात मांडले जाते, हेही महत्त्वाचे: अमेरिकेच्या कंट्री संगीतात, म्हणजे तेथील ग्रामीण वळणाच्या गीतप्रकारात, जिम रीव्ह्ज यांनी १९५७ साली 'फोर वॉल्स' हे विरहगीत मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून, हलक्या आवाजात गायिले. मृदू आवाजात दुःख ऐकणाऱ्याच्या अधिक निकट येते, ही या अंकातील लेखांची भूमिका आहे. ती पटो वा न पटो, वाचकांनी आपल्याला भावलेले एखादे पुनर्गायन आणि त्याचे कारण अवश्य कळवावे.