संयुक्त पदवीचें शिक्षण व शेतकऱ्याची जमीन
(लेखक : महसूल खात्यांतील एक निवृत्त कारकून, लिंबागणेश, जि. बीड)

व्यापारी शिक्षण हा शेतकऱ्याच्या मुलाचा विषय नव्हे, असें मानणारे गृहस्थ अद्याप आपल्यांत पुष्कळ आहेत. मुलगा हुषार असला तर त्यानें डॉक्टर अथवा इंजिनियर व्हावें, बेताचा असला तर पोलिसांत किंवा शिक्षकांत जावें, आणि कोठेंच न लागला तर शेती पाहावी, अशी जी वाटणी घरोघर ठरून गेली आहे तींत खरेदीविक्रीचें शास्त्र शिकण्यास जागाच ठेवलेली नाहीं. पिकविण्यांत आमचा शेतकरी कोणास हार जाणारा नाहीं. परंतु पिकविलेला माल कोणत्या अटींवर विकावा, आणि घेणाऱ्याच्या देशांतील कायदे काय आहेत, हें सांगणारा माणूस त्याच्या घरांत नसतो. सन २०१० च्या हंगामांत आपल्याकडील द्राक्षें युरोपांत अडकून पडलीं तीं गोडीला कमी होतीं म्हणून नव्हे, तर क्लोरमेक्वाट नांवाच्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश तेथील मर्यादेहून अधिक निघाला म्हणून. ती मर्यादा येथील बागाईतदारांपर्यंत वेळेवर पोहोंचली नव्हती. उलट पक्षीं, नाशिक जिल्ह्यांतील मोहाडीच्या सह्याद्रि फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीनें २०२२ सालीं युरोपांतील गुंतवणूकदारांकडून सुमारें ३१० कोटि रुपयांचें भांडवल मिळविलें. असले व्यवहार पार पाडण्यास हिशेब, करार, परकी चलन व परक्या गिऱ्हाइकाची रीत जाणणारीं माणसें लागतात, आणि तीं शेतकऱ्यांच्याच घरांतून निघालीं तर अधिक बरें.

तेव्हां मुलानें किंवा मुलीनें व्यापारशास्त्राची पदवी घ्यावी, व त्यापायीं कांहीं काळ परदेशीं राहावें, याला माझा विरोध नाहीं. माझें म्हणणें आहे तें वाटेबद्दल व पैशाबद्दल. समग्र शिक्षण परदेशीं करणें हें आमच्या बालाघाटावरील कोरडवाहू शेतकऱ्यास झेपणारें नव्हे. परंतु अर्धें अधिक शिक्षण येथें व बाकीचें तेथें, अशी जी विद्यापीठांच्या करारानें झालेली सोय आहे ती त्यास कदाचित् झेपेल. मात्र तिचे कागद वाचतां आले पाहिजेत.

विद्यापीठ अनुदान आयोगानें मे २०२२ मध्यें या बाबतींत नवे नियम केले. त्यांत तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींस लोक सरसकट ‘संयुक्त’ म्हणतात. फसगतीचा आरंभ येथेंच होतो. ज्यास ट्विनिंग म्हणतात त्यांत विद्यार्थी कांहीं काळ परदेशीं शिकतो, पण तेथील क्रेडिट एकंदरीच्या ३० टक्क्यांहून अधिक असतां कामा नयेत, आणि पदवी एकटें भारतीय विद्यापीठच देतें. संयुक्त पदवींत दोन्ही विद्यापीठें मिळून एकच प्रमाणपत्र देतात, व प्रत्येकाकडील क्रेडिट किमान ३० टक्के असावे लागतात. दुहेरी पदवींत दोन विद्यापीठें आपापली स्वतंत्र पदवी देतात, मात्र भारतांतील क्रेडिट ३० टक्क्यांहून कमी असूं नयेत. सात-बारा पाहणाऱ्यास हें समजावयास कठीण जाऊं नये. गांव नमुना सात हा हक्काचा व बारा हा पिकाचा. पीक कोणीं घेतलें तें बारावर दिसतें, परंतु जमीन कोणाची हें सातच सांगतो. तद्वतच मुलगा कोठें शिकला हें एक, व पदवी कोणाच्या नांवानें मिळाली हें दुसरें. इंग्लंडांत सहा महिने राहून आलेल्या मुलाच्या पदवीवर इंग्लंडच्या विद्यापीठाचें नांव नसेल, तर त्यांत लबाडी आहे असें नव्हे. पण बापानें तें आधीं जाणून पैसे मोजले पाहिजेत.

आयोगाची वेगळी परवानगी न घेतां असा करार करूं शकणारें भारतीय विद्यापीठ नॅकच्या तपासणींत किमान ३.०१ गुणांक मिळविलेलें, किंवा राष्ट्रीय क्रमवारींत पहिल्या शंभरांत असलेलें, किंवा सरकारनें विशेष दर्जा दिलेलें असावें लागतें. आणि परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारींत पहिल्या एक हजारांत. घरबसल्या यंत्रावर शिकावयाच्या अभ्यासक्रमांस हे नियम लागूच नाहींत, आणि परदेशी विद्यापीठाच्या नांवाचा ठेका घेऊन कोणी येथें दुकान चालवावें, यास मनाई आहे. डिसेंबर २०२३ मध्यें आयोगास जाहीर सूचना काढावी लागली कीं, मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशीं संगनमत करून शिक्षण-कंपन्या ज्या पदव्यांच्या जाहिराती करतात त्या ग्राह्य धरल्या जाणार नाहींत. सूचना निघाली, पण ती खेड्यांत कोणीं वाचली?

गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या गांवचे एक बागाईतदार एका खासगी सल्लागाराचें माहितीपत्रक घेऊन मजकडे आले. नोकरी सुटली तरी कागद वाचून घेण्यास लोक येतात. ‘परदेशी विद्यापीठाच्या सहकार्यानें’ हे शब्द त्यांत पानोपानीं मोठ्या टायपांत होते. पदवी कोण देणार याचा उल्लेख नव्हता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असें निघालें कीं, येथें दोन वर्षें पूर्ण केल्यावर विद्यार्थी परदेशी विद्यापीठाकडे ‘अर्ज करण्यास पात्र’ समजला जाईल. अर्ज करण्यास तो आजहि पात्र होता! इसारपावती म्हणजे खरेदीखत नव्हे हें ज्या गृहस्थांस पक्कें ठाऊक आहे, त्यांनीं या पत्रकावर पहिला हप्ता भरला होता. असल्या प्रसंगीं सल्लागारास विचारीत बसण्यापेक्षां दोन्ही विद्यापीठांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर त्या कराराचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें एखाद्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावें. एका ठिकाणीं आहे व दुसऱ्या ठिकाणीं नाहीं, असें आढळलें तर कागद परत करावा.

आतां पैशाकडे वळूं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास केंद्र सरकारच्या हमीनिधीचें पाठबळ आहे, व तेवढें बॅंका तारणावांचून देतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना आहे, पण ती भारतांतील निवडक संस्थांपुरती. याहून मोठें कर्ज हवें असल्यास तारण लागतें, आणि येथें आमच्या शेतकऱ्यास आश्चर्याचा धक्का बसतो. वीस एकरांचा मालक बॅंकेंत जातो व त्यास सांगण्यांत येतें कीं, शेतजमीन चालणार नाहीं; घर, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव आणा. कारण असें कीं, थकलेल्या कर्जापोटीं तारण जप्त करण्याचा जो २००२ चा सर्फेसी कायदा आहे, त्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन त्यांतून वगळली आहे. हें कलम शेतकऱ्याच्या रक्षणासाठीं आहे व तें असावेंच. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, बॅंकेनें परत पाठविलेला मनुष्य गांवांतील सावकाराचा उंबरा चढतो.

सावकार गहाणखत करीत नाहीं. तो खरेदीखत मागतो. पैसे फेडलेस म्हणजे जमीन उलटून देईन, हें तोंडी असतें. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो, फेरफार पडतो, नोटिशीची मुदत जाते, आणि सातावरचें नांव बदलतें. नोकरीच्या काळांत असे फेरफार मीं इतके पाहिले कीं, खरेदीची रक्कम वाचूनच आंतील व्यवहार ओळखूं येई. सावकारीच्या २०१४ च्या कायद्यानें बेकायदा सावकाराकडून जमीन परत मिळण्याची वाट ठेवली आहे खरी, पण ती वाट चालण्यास पुरावा लागतो. शिवाय वडिलार्जित जमिनींत २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचाहि मुलाइतकाच हिस्सा आहे. मुलाच्या पदवीसाठीं जमीन देतांना बहिणीची सही घेतात, आणि त्या पदवींत तिचा हिस्सा कोणता, हें कोणी तिला सांगत नाहीं.

बॅंकेच्या कर्जाचाहि हिशेब आधींच करावा. समजा, वीस लाख रुपये ११ टक्के दरानें आरंभींच उचलले. शिक्षणाचीं दोन वर्षें व पुढील सवलतीचें एक वर्ष मिळून तीन वर्षें हप्ता नाहीं. व्याज मात्र थांबत नाहीं. सरळव्याजानेंच तें ६ लाख ६० हजार होतें. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये होता. त्या भावानें हें नुसतें व्याज सुमारें १२४ क्विंटलांचें झालें. आमच्याकडे एकरीं आठ क्विंटल उतरलें तर वर्ष चांगलें गेलें म्हणतात. म्हणजे पंधरा-सोळा एकरांचें एका हंगामाचें सगळें पीक, आणि मुद्दल तसेंच उभें. या व्याजावर आयकरांत सूट मिळते, असें सल्लागार सांगतात. ज्याचें उत्पन्न केवळ शेतीचें आहे त्यास आयकरच नाहीं, मग सूट कशांत घ्यावयाची?

एवढ्यासाठींच माझें मत असें कीं, शेतजमिनीस हात न लावतां जेवढें जमेल तेवढेंच परदेशीं शिकावें. आणि जोड अभ्यासक्रमाचा खरा उपयोग तोच आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेंत तर अनेक देशांच्या विद्यापीठांनीं मिळून चालविलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, व निवड झालेल्या विद्यार्थ्यास फी माफ होऊन दरमहा १,४०० युरो मिळतात. निवड कठीण आहे, पण अर्ज करण्यास सल्लागार लागत नाहीं. नवी मुंबईंतहि ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व इटलीची एक डिझाइन संस्था अशा पांचांस १४ जून २०२५ रोजीं आपलीं विद्यालयें काढण्यासाठीं इरादापत्रें देण्यांत आलीं. मुंबईचा राहण्याचा खर्चहि आम्हांस जड आहे, परंतु तो रुपयांत आहे.

ज्यानें करार केला त्यानें मध्येंच पैसा संपला तर काय, हें अवश्य विचारावें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें उदाहरण येथें उपयोगी आहे. सन १९१३ मध्यें बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली व ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१६ मध्यें लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत त्यांनीं नांव घातलें. तोंच शिष्यवृत्ति संपली व १९१७ मध्यें परतावें लागलें. परंतु चार वर्षांच्या आंत येऊन राहिलेलें शिक्षण पुरें करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी त्यांनीं घेऊन ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसे शिल्लक टाकले, शाहू महाराजांचें साहाय्य मिळालें, आणि १९२० मध्यें ते पुनः लंडनास गेले. १९२३ मध्यें डी. एस्‌सी. झाले. आजच्या नियमांतहि मध्येंच सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे क्रेडिट पुढें कसे धरले जातील, याची तरतूद करारांत असणें आवश्यक केलें आहे. ती कोणत्या कलमांत आहे तें दाखवा म्हणावें.

त्या शिष्यवृत्तीस एक अट होती : परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी. ते १९१७ मध्यें नोकरीवर रुजू झालेहि; पण त्या शहरांत अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास खोली मिळेना, आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईस निघून आले. अट विद्यार्थ्यानें मोडली नाहीं. बोलावून घेणाऱ्यांनीं त्यास ठेवून घेतलें नाहीं.

हें लिहिण्याचें कारण असें कीं, तालुक्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं व आपल्या संस्थेनें मिळून दरसाल एका विद्यार्थ्यास, मुलगा असो वा मुलगी, अशा संयुक्त अभ्यासक्रमासाठीं बिनव्याजी रक्कम द्यावी, व परतल्यावर तीन वर्षें आपल्या कंपनीचें काम करून घ्यावें, अशी सूचना कांहीं सभासदांकडून आली आहे. सूचना मला मान्य आहे. परंतु करारपत्रांत विद्यार्थ्यावरील अटींच्या शेजारींच कंपनीवरील अटीहि लिहाव्या : पगार किती, काम कोणतें, खरेदीविक्रीच्या निर्णयांत त्याचें मत घेणार कीं त्यास नुसता वजनकांट्यावर उभा करणार, आणि तो आमच्यांपैकीं कोणत्याहि जातीचा असला तरी त्यास गांवांत घर मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची. असा मसुदा तयार करून वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, अशी चिटणीस महाशयांस विनंति आहे. मसुद्याचें लेखनिकाचें काम मी करून देईन.