स्कॅन झाल्यावर मूळ कागदाचे काय? जुनी दप्तरे व ग्रंथ यांच्या जतनाबाबत निवेदन

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सार्वजनिक वाचनालये व तालुका अभिलेख कक्ष यांतील मोडी कागदपत्रे, जुनी नियतकालिके व दोलामुद्रिते यांच्या जतनाबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नदीकाठच्या एका गावातील जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद, तिथले कर्मचारी आणि मोडी वाचणारे अभ्यासक आहोत. जुन्या कागदांचे डिजिटायझेशन शासनाने मनावर घेतले, याचे आम्हाला समाधान आहे. मात्र स्कॅन झाले की मूळ कागदाची जबाबदारी संपली, असा समज ठिकठिकाणी रूढ होऊ लागला आहे. त्याला लेखी आदेशाने आळा घालावा, ही आमची मुख्य मागणी आहे.

आमच्याकडे हे काम ज्या कंत्राटदाराने केले त्याला पानामागे दर ठरवून दिला होता. नियतकालिकांच्या बांधीव फायली यंत्राखाली सपाट बसाव्यात म्हणून त्यांची शिवण कापण्यात आली. शिवणीलगतच्या ओळींची शेवटची अक्षरे त्यात गेली. सुटी झालेली पाने सुतळीने बांधून गोणीतून परत आली. सोबत मिळालेल्या हार्ड डिस्कवर प्रतिमांना नुसते अनुक्रमांक आहेत. कोणते पान कोणत्या अंकाचे, हे पाहायला पुन्हा गोणीच उघडावी लागते. त्या गोणीतला कागद गिरणीचा, लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी-राळेची खळ दिलेला. त्यातली आम्लता त्याला आतूनच खाते. घडीवर बोट टेकले तरी तुकडा पडतो, आणि कोणी मागे कधी चिकटपट्टी लावली असेल तिथे तपकिरी डाग उरतो. आमच्याच कपाटात खारव्याच्या रुमालात बांधलेले मोडी कागद त्याहून शंभर वर्षांनी जुने आहेत. चिंध्यांपासून हाताने केलेला तो कागद आजही न मोडता उलगडतो. ‘जेवढे जुने तेवढे नाजूक’ असे धरून खर्चाची आखणी केली, तर ज्याला आधी हात घालायला हवा तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा छापील ऐवज मागेच राहील.

प्रतिमा उपयोगी आहेच, पण ती कागदाची जागा घेत नाही. दस्ताच्या खरेपणाचा वाद उद्भवला तर शाई, कागद आणि त्यातला जलचिन्हाचा ठसा तपासावा लागतो. त्यासाठी मूळ पत्रच हवे. शिवाय कोणता कागद महत्त्वाचा, हे प्रत्येक पिढी आपल्या प्रश्नांप्रमाणे ठरवते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ते काम थोरच. पण मूळ रुमाल पुण्यात जागेवर राहिले, म्हणून पुढच्या अभ्यासकांना त्यांतल्या रोजकीर्दी आणि हिशेबांकडे वळता आले. ‘निवड छापली, आता मूळ कशाला’ असे तेव्हा कोणी म्हटले असते तर?

कागदाची गरज शासनालाही पडते, हे २०२३ मध्ये दिसले. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना तालुक्यातालुक्यांतील अभिलेख कक्ष उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या कामाच्या राजकीय बाजूंविषयी आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. मात्र गरज पडली तेव्हा धावपळ, एरवी विचारपूस नाही, हे बरे नव्हे. मोडीचे प्रशिक्षण वर्ग चालतात, तरुण मुले हौसेने शिकतात आणि काम नसल्याने विसरतात. प्रत्येक जिल्हा अभिलेख कक्षात निदान एक मोडी वाचक मानधनावर तरी नेमावा.

कायद्याची स्थितीही पाहावी. सरकारी कागदांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. वाचनालयांसाठी १९६७ चा ग्रंथालय अधिनियम. पुराभिलेख संचालनालय आपल्या विभागाकडे, ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आणि तालुक्याचा अभिलेख कक्ष महसूल विभागाकडे. एखाद्या घराण्याने वाचनालयाला दिलेले खाजगी दप्तर यांपैकी कोणाचे? २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची व्याख्या करताना महसुली कागद बाहेर ठेवले. छापील पुस्तकाचा तर तिथे प्रश्नच नव्हता. वाचनालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथांची संख्या मोजली जाते, त्यांचे वय नाही. म्हणून १८६७ पूर्वीचे दोलामुद्रित आणि गेल्या वर्षीची कादंबरी अनुदानाच्या हिशेबात सारखीच. तिन्ही विभागांनी मिळून एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि जुन्या संग्रहासाठी अनुदानात वेगळे शीर्ष उघडावे.

आता पुराविषयी. मोडीची काजळाची शाई काळाने सहसा फिकी पडत नाही, पण पाण्यात पसरते. २००५ आणि २०२१ मध्ये चिपळूणच्या, २०१९ मध्ये सांगलीच्या जुन्या वाचनालयांत पुराचे पाणी शिरले आणि पुस्तकांचा चिखल झाला. भिजलेल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात हजारो पुस्तके वाळवणे कोणालाही शक्य नाही; पण ती गोठवता येतात, आणि मग सवडीने थोडी थोडी सुकवता येतात. त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यायलाच हवे असे नाही. रत्नागिरीत मासळी गोठवण्याचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांशी आधीच लेखी करार करून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात त्यांची नावे, वाहतुकीची सोय आणि प्लास्टिकच्या क्रेट घालाव्यात. पूररेषेतील वाचनालयांचा जुना संग्रह वरच्या मजल्यावर हलवण्यासाठी एकवेळचा निधी द्यावा. आमच्या वाचनालयाचे मोडी रुमाल आजही तळमजल्यावर, सर्वांत खालच्या फळीवर आहेत, कारण वरच्या मजल्याची तक्तपोशी वजन पेलत नाही.

स्कॅनिंगच्या यापुढील प्रत्येक निविदेत पुढील अटी असाव्यात : शिवण कापू नये, पानामागे दर न ठेवता नोंदसूचीसह पूर्ण झालेल्या ग्रंथामागे मोबदला द्यावा, काम कागद-संवर्धकाच्या देखरेखीखाली व्हावे, प्रतिमांची एक प्रत मूळ संस्थेकडे राहावी, आणि मूळ कागद आम्लमुक्त वेष्टनात त्याच संस्थेला परत मिळावेत. स्कॅन झालेला कोणताही अभिलेख पुराभिलेख संचालनालयाच्या लेखी संमतीशिवाय नष्ट करू नये, असे परिपत्रक काढावे. संचालनालयाच्या विभागीय कार्यालयांना एकेक फिरते संवर्धन पथक जोडले, तर लहान गावांना पुण्या-मुंबईला पेट्या पाठवाव्या लागणार नाहीत. तोपर्यंत वाळवीसाठी वाटेल ती फवारणी करू नये आणि कागदाला प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये, एवढी सूचना तरी सर्व वाचनालयांना जावी. तिला खर्च लागत नाही.

अटींचा मसुदा आम्ही तयार केला असून तो सोबत जोडला आहे. त्यावर चर्चेसाठी तिन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांसह पावसाळ्यापूर्वी बैठक लावावी आणि तिची तारीख आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
वाचनालयाचे सभासद, कर्मचारी व मोडी अभ्यासक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव :
१. मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण
२. मा. मंत्री, महसूल
३. मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय
४. मा. ग्रंथालय संचालक