आई-बाबांना अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहू द्या

वसंत आला की अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलव्हीनच्या बागांमध्ये मराठी कानावर पडू लागते. आयटीतल्या मुला-मुलींकडे पुण्या-नाशिकहून आई-बाबा आलेले असतात. व्हिसावर मुक्काम फार तर ९० दिवसांचा. पहिल्या दोन-तीन सुट्ट्यांत क्युकेनहॉफचे ट्यूलिप, कालव्यातली बोट आणि पवनचक्क्या पाहून होतात. मग मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत आणि आई-बाबा दिवसभर घरात.

हे मला मनापासून खटकतं. कारण अनोळखी माणसाला अ‍ॅमस्टरडॅमइतकं सहज सामावून घेणारी शहरं कमी आहेत. सेंट्रल स्टेशनच्या मागून सुटणाऱ्या फेरीबोटीला तिकीट लागत नाही. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ओबा हे सार्वजनिक वाचनालय आहे. २००७ साली उघडलेल्या या भव्य इमारतीत कुणीही जाऊन बसावं, वरच्या मजल्यावरून शहर पाहावं. १८८८ पासून चालू असलेल्या कॉन्सर्टखेबाऊ या संगीतगृहात मोसमात दुपारच्या विनामूल्य मैफली होतात. सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी रात्र जागवलेल्या कानांना तिथली शांतता आणि शिस्त नक्की भावेल. अ‍ॅमस्टलव्हीनहून पाच नंबरची ट्राम थेट त्या भागात जाते. एकदा सोबत जा, वाट आणि ट्रामचं कार्ड समजावून द्या, पुढच्या वेळी ते आपले आपण जातील.

रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे १६४२ चं चित्र सगळेच पाहतात. पण १६५० नंतरच्या दशकात याच चित्रकाराने मुघल लघुचित्रं समोर ठेवून शहाजहानची आणि दरबारी लोकांची रेखाटनं केली होती. देशाबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या या माणसाने दागिने, पागोटी, अंगरख्याच्या चुण्या किती बारकाईने टिपल्या! हे ठाऊक असलं की त्याचं जुनं घर, आजचं संग्रहालय, आपल्याला परकं राहत नाही.

या देशाशी आपलं नातं आणखी एका वाटेने आलेलं आहे. १८७३ साली कलकत्त्याहून ‘लल्ला रूख’ हे जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन डचांच्या सुरिनाम वसाहतीत पोहोचलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं अशी गेली. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले. भोजपुरी-अवधीतून घडलेली त्यांची सरनामी बोली हिंदी जाणणाऱ्याला बरीचशी कळते. त्यांच्या दुकानातली रोटी आज डच माणूसही आवडीने खातो. आपल्या आजी-आजोबांनी तिथे जेवावं, दुकानदाराशी दोन शब्द बोलावेत. लांबलचक कहाणी ऐकायला मिळेल.

अ‍ॅमस्टरडॅमच्या जंगलातल्या बागेत चेरीची चारशे झाडं आहेत. इथल्या जपानी महिलांच्या मंडळाने ती २००० साली भेट दिली. फुलोरा आला की सगळं शहर त्यांच्याखाली चटया टाकून बसतं. नोकरीनिमित्त काही वर्षांसाठी आलेल्या माणसांनी शहराला किती देखणं काही देऊन ठेवलं!

आपल्या इथल्या मराठी मंडळांतही गणपती होतो, दिवाळी होते, पाडव्याला साड्या-फेटे बाहेर पडतात. सण साजरे करताना मन भरून येतं, आणि ते व्हायलाच हवेत. पण बरेचदा भाड्याच्या सभागृहात आपणच आपल्याला भेटून परततो. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी इथली मुलं रस्त्यावर चादर पसरून जुनी खेळणी विकतात. त्यांच्याशेजारी आपल्या नातवंडांची चादर हवी, आणि आजीच्या हातच्या चकल्या. ४ मेला रात्री आठ वाजता युद्धातल्या मृतांसाठी देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. तेव्हा आपणही त्यांच्यात उभं राहायला हवं. शहराच्या सुखदुःखात सामील झालं की त्याचा आनंद आपोआप आपला होतो.

यंदा आई-बाबा येणार असतील तर प्रेक्षणीय स्थळांची यादी थोडी आखूड करा. त्यांना ट्रामचं कार्ड द्या, ‘खूडेमोर्खन’ (शुभ सकाळ) म्हणायला शिकवा आणि शेजारच्या डच आजींना एकदा चहाला बोलवा. मंडळांनी पुढची दिवाळी सार्वजनिक चौकात, शेजाऱ्यांना आमंत्रण देऊन करावी.