मोटारीतील प्रवाशाचा हक्क

चतुर्थीला मूळ घरी जाताना, जत्रेला अथवा लग्नाच्या वऱ्हाडात आप्तांच्या मोटारीतून प्रवास न केलेला गोमंतकीय विरळाच. गाडी हाकणारा बहुधा भाचा, मेव्हणा नाहीतर शेजारी असतो. वाटेत अपघात झाला की जखमी माणूस बांबोळीच्या इस्पितळात पोचतो, पुढे कित्येक महिने त्याच्या हाताला काम नसते, आणि भरपाईची गोष्ट कोणी काढलीच तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘आपल्याच माणसावर दावा कसला लावायचा?’ या संकोचामागील सौजन्य आम्हांस समजते. पण मालक आणि चालक हे प्रतिवादी असले तरी विमा नीट उतरविलेला असेल तर रक्कम विमा कंपनीने द्यायची असते आणि त्यासाठीच भाच्याने हप्ते भरलेले असतात.

कायद्याच्या दृष्टीने प्रवाशाची बाजू भक्कम असते. चक्र त्याच्या हाती नव्हते. चालकाची चूक त्याच्या माथी मारता येत नाही. दोन वाहनांची टक्कर होऊन दोन्ही चालक दोषी ठरले, तरी प्रवाशाने संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही मागावी, आपसांतील हिशेब त्यांनी मागाहून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई प्रकरणात सांगितले आहे.

खरी मेख विम्याच्या कागदात आहे. हप्ता वाचविण्यासाठी अनेक जण केवळ तृतीय पक्षापुरता सक्तीचा विमा उतरवितात. मालकाच्या खाजगी मोटारीत फुकट बसलेला पाहुणा या विम्याच्या संरक्षणाबाहेर राहतो, असा न्यायालयांचा कौल आहे. सर्वंकष विम्यात मात्र आत बसलेल्यांचाही समावेश होतो. विमा नियामकाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या बालकृष्णन निवाड्यात हे स्पष्ट केले. हप्त्यातील काटकसरीपायी सोयऱ्याची भरपाई स्वतःच्या खिशातून भरण्याची पाळी मालकावर येऊ शकते. पांढऱ्या पाटीची मोटार गुपचूप भाड्याने देणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. विम्याची अट मोडली, हे म्हणायला कंपनी टपलेलीच असते.

याहून आमचा तीव्र आक्षेप मुदतीच्या कलमास आहे. १९९४ साली संसदेने दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. मांडीचे हाड मोडलेला मनुष्य सहा महिन्यांत कधी कधी कुबड्यांवरूनही उठलेला नसतो; कायमचे अपंगत्व किती हे सांगणारा दाखला त्याने कुठून आणावा? या तरतुदीस आव्हान देण्यात आले असून, ते प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो दिलासा आहे, परंतु अंतरिम आहे. म्हणून जखमींनी त्यावर विसंबून न राहता दावा लवकर गुदरावा, आणि संसदेने ही अट स्वतःहून रद्द करावी.

दावा अपघातस्थळाच्या, प्रतिवादीच्या किंवा स्वतःच्या राहत्या गावच्या लवादापुढे लावता येतो. बेळगावच्या घाटात जखमी झालेल्या पेडणेकराला बेळगावच्या खेपा घालण्याचे कारण नाही. पोलिसांनीही अपघाताचा अहवाल लवादाकडे धाडावयाचा असतो आणि लवादाने तोच अर्ज मानावयाचा असतो, हे किती जखमींना ठाऊक आहे? प्रत्येक पोलीस ठाण्याने पंचनाम्याच्या वेळीच जखमीच्या नातलगांना ही माहिती मराठी आणि कोंकणीत छापून द्यावी, अशी आमची गोवा सरकारकडे मागणी आहे. त्याला एका पानाहून अधिक कागद लागणार नाही.