तेलाआधी वर्गीकरण

प्लास्टिकचा कचरा हवा न लागू देता तापवून त्याचे तेल काढायचे, तर त्यात झिओलाइट हा उत्प्रेरक वापरावा की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. दोन्ही बाजूंना भक्कम आधार आहे.

वापरावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिलीन ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसते तापवले, तर बरेचसे मेण निघते आणि गार होताच नळ्यांत थिजते. झेडएसएम-५ या झिओलाइटच्या आम्लधर्मी जागा त्याच लांब साखळ्या कमी तापमानात तोडतात. पेट्रोलच्या जातीची हलकी द्रव्ये आणि प्रोपिलीनसारखे वायू मिळतात. वायू वाढला की तेल घटते, हे मात्र त्याच दमात सांगायला हवे.

उलट बाजूचा आक्षेप उत्प्रेरकाच्या आयुष्याचा आहे. पांढरे दाणे वापरात काळे पडतात, कारण छिद्रांत कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचतो. वाय जातीच्या झिओलाइटची दारे ०.७४ नॅनोमीटरची आणि आतल्या पोकळ्या त्याहून मोठ्या. तिथे कार्बनची कडी वाढत जातात आणि अडकून बसतात. झेडएसएम-५च्या सुमारे ०.५५ नॅनोमीटरच्या वाटांत तेवढी जागाच नसते, म्हणून ते जास्त टिकते. पण त्याच अरुंदपणामुळे प्लास्टिकची अखंड साखळी आत शिरत नाही, ती आधी बाहेरच तुटावी लागते.

तरीही केवळ कोकमुळे झिओलाइट बाद ठरवणे अन्यायाचे होईल. तेलशुद्धीकरण कारखान्यांत १९६०च्या दशकापासून झिओलाइट वापरात आहे. तिथे ते काही सेकंदांत काजळते, शेजारच्या पात्रात कोक जाळला जातो आणि त्याच उष्णतेवर पुढची प्रक्रिया चालते. दुसरीकडे, एकेक घाणा काढणाऱ्या छोट्या प्रकल्पाकडे अशी अखंड फिरती व्यवस्था नसते. कोक बेफाम जळला तर तापमान चढते, त्यातल्या हायड्रोजनची वाफ होते आणि झिओलाइटच्या चौकटीतले ॲल्युमिनियम निसटते. मग दाणे पुन्हा पांढरे दिसतात, पण त्या ॲल्युमिनियमबरोबर गेलेली आम्लस्थाने परत येत नाहीत.

खरे दुखणे मात्र कचऱ्यातूनच येते, असे आम्हाला वाटते. पीव्हीसीच्या पाइपाचे तुकडे मिसळले की ३०० अंशांच्या आसपासच हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो यंत्राला खातो आणि उत्प्रेरकालाही. विणलेल्या गोण्यांत भराव म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असते. त्यातले कॅल्शियम, तसेच कचऱ्याबरोबर येणारे सोडियम, आम्लाच्या जागा अडवून बसते. कोक जाळता येतो, कॅल्शियम जळत नाही.

म्हणून झिओलाइट ठेवायचे कुठे, हेही महत्त्वाचे. ते प्लास्टिकमध्येच मिसळले तर यंत्र स्वस्त पडते आणि संपर्कही चांगला होतो. पण राख, भराव आणि उत्प्रेरक यांचा एकच काला होतो, वेगळे काही काढता येत नाही. झिओलाइटच्या वेगळ्या पात्रातून फक्त वाफा नेल्या तर खर्च वाढतो, पण बहुतेक भराव मागेच राहतो आणि थकलेला थर बदलता येतो. क्लोरीनचे वायू तरीही पुढे जातात, त्यांचा बंदोबस्त आधीच करावा लागतो.

सरकारी धोरणाचाही इथे संबंध आहे. २०२२च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टिकपासून तेल करणे ही पुनर्वापर न होणाऱ्या मालाची अखेरची विल्हेवाट मानली आहे. म्हणजे अशा प्रकल्पाकडे अनेकदा उरलासुरला, सर्वांत मिश्र माल येणार, आणि झिओलाइटला नेमका तोच सोसत नाही.

म्हणून आमचा कौल असा: निवडलेले पॉलिथिलीन-पॉलिप्रोपिलीन असेल, तर वेगळ्या पात्रातले झेडएसएम-५ जरूर वापरावे. माल मिश्र असेल, तर पहिला पैसा वर्गीकरणावर आणि क्लोरीन काढण्यावर खर्च करावा; तोवर उत्प्रेरकाविना मिळणारे मेण पत्करावे. यंत्र घेऊ पाहणाऱ्या नगरपालिकांनी विक्रेत्याला पहिल्या घाण्याचा उतारा विचारू नये. कोक किती वेळा जाळल्यावर तो उतारा किती उरतो, हे लेखी मागावे.