अंतरीचे कुरुक्षेत्र

मद्रास म्हणजे आजच्या चेन्नईतील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या १९०५ च्या अधिवेशनात डॉ. ॲनी बेझंट यांनी भगवद्गीतेवर चार व्याख्याने दिली. गीता हा इतिहास आहे आणि मानवी जीवनाचे रूपकही आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दृष्टीने कुरुक्षेत्र म्हणजे माणसाचे अंतःकरण आणि अर्जुन म्हणजे मोह व कर्तव्य यांच्या कात्रीत सापडलेला प्रत्येक जीव होय.

रूपकाच्या आधारे वाचक आपल्या सोयीचा अर्थ काढील, असा आक्षेप यावर घेता येईल. ही भीती अनाठायी नाही. परंतु तिचे उत्तर ग्रंथातच आहे. संभ्रम दूर झाल्यावर अर्जुन स्वस्थ बसत नाही, तो कर्मास उभा राहतो. म्हणून अशा वाचनाची खरी कसोटी आचरण हीच होय. वाचूनही क्रोध व लोभ तसेच राहिले, तर ते केवळ पठण ठरते.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतार्थ मराठीत सांगून संस्कृत न जाणणाऱ्यांनाही हा मार्ग मोकळा केला. ज्याला अक्षरओळख झाली, त्याने इतरांच्या सांगण्यावरच विसंबून न राहता ग्रंथ स्वतः वाचावा आणि त्यात प्रथम आपले मन पाहावे.